दारात दिलेला शब्द आधी करारात लिहा

प्रश्न असा आहे: ‘आमच्या मेडिकल कॉलेजच्या कर्करोग संशोधन गटाला युरोपातल्या एका विद्यापीठाकडून भागीदारीचा प्रस्ताव आला आहे. जत आणि कवठेमहांकाळ तालुक्यांतल्या तीस वर्षांवरच्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही, म्हणजे तो कर्करोग घडवू शकणाऱ्या विषाणूची, तपासणी करायची, नमुना बाईने स्वतःच घ्यायचा. त्यांनी लोकसहभागाचा दोन पानी आराखडा मागितला आहे, सोबत सामंजस्य कराराचा मसुदा पाठवला आहे. हातात सहा आठवडे आहेत. आराखडा आमच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाकडे आणि करार डीन ऑफिसकडे दिला आहे. मॅडम, हे दोन्ही कसं पुढे न्यावं?’

पहिली गोष्ट, दोन्ही कागद एकाच माणसाच्या हातात द्या. ते दोन टेबलांवर गेले की पुढच्या सगळ्या अडचणी तिथूनच सुरू होतात. मी मिरजेत बसून बावीस वर्षं गावांमधलं हे काम करते आहे. माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अशाच एका अभ्यासात मी होते. भागीदार कोण, हे सांगण्यात अर्थ नाही. नमुने गोळा करताना आशाताई दारोदार सांगत होत्या, ‘पंधरा दिवसांत रिपोर्ट मिळेल.’ ते वाक्य आम्हीच त्यांना शिकवलं होतं. प्रत्यक्षात प्रयोगशाळेचं यंत्र एका वेळी नव्वदेक नमुन्यांची ताटली भरल्याशिवाय लावत नसत. मग किट संपले, नवे कस्टममध्ये अडकले. रिपोर्ट यायला पाच महिने लागले. त्या काळात एका गावात पारावर बसलेल्या एका आक्कांनी मला हटकलं, ‘मॅडम, माझं ते तिकडंच ऱ्हायलं का वो?’ आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

रात्री मी करार काढून पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. नमुना उणे किती तापमानाला ठेवायचा, ते होतं. शोधनिबंधाचा मसुदा किती दिवसांत एकमेकांना दाखवायचा, तेही होतं. आक्कांना रिपोर्ट किती दिवसांत द्यायचा, हे कुठेच नव्हतं. अंदाजपत्रकात किट होते, यंत्र होतं, लंडनच्या एका परिषदेची विमानाची तिकिटं होती. रिपोर्ट घरी पोचवणाऱ्या माणसाचा एक रुपया नव्हता. आम्ही दारात जो शब्द दिला त्याला कागदावर आधारच नव्हता. आणि त्याची किंमत भरली ती आशाताईंनी. एक जण मला म्हणाली, ‘तुम्ही मिरजेला जाता. मला रोज त्याच गल्लीतनं जायचंय.’

म्हणून आता मी उलटीकडून सुरुवात करते. मसुद्याला हात लावायच्या आधी तीन गावांत जाऊन बसायचं. माहिती द्यायला नाही, बायका काय विचारतात ते लिहून घ्यायला. सहा आठवड्यांतले दोन आठवडे यात घालवलेत तरी चालतील. प्रश्न सगळीकडे साधारण तेच येतात. रिपोर्ट कधी मिळणार आणि कोण सांगणार? घरात कळेल का? काही निघालं तर पैसे कोण देणार? मुंबईला जावं लागेल का? आणि हमखास येणारा एक: पिशवी काढावी लागणार का?

या प्रत्येक प्रश्नाला तुम्ही जे उत्तर द्याल, त्यासमोर करारातलं कलम आणि अंदाजपत्रकातली रक्कम लिहा. जिथे समोरची जागा रिकामी राहील, तिथे एक तर पैसे मागा, नाही तर ते उत्तर दारात देऊ नका. हा तक्ता म्हणजेच तुमचा लोकसहभागाचा आराखडा. बैठका, पथनाट्य, भित्तिपत्रकं हे सगळं नंतर येतं, आणि खरं सांगायचं तर पथनाट्यानं तपासणीला आलेली बाई मी अजून पाहिलेली नाही.

पिशवीच्या प्रश्नापाशी थोडं थांबते, कारण बाहेरच्या भागीदाराला तो कळत नाही. आपल्याकडे अंगावरून पांढरं जातंय म्हणून पिशवी काढून टाकलेल्या पस्तिशीच्या बायका गावोगाव आहेत. बीडच्या ऊसतोड बायकांची गोष्ट २०१९ मध्ये गाजली आणि विधिमंडळात पोचली, पण ते फक्त बीडमध्ये होतं असं कुणी समजू नये. आता अशा गावात तुम्ही बाईच्या हातात ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ असा कागद दिलात तर काय होईल? ती घाबरेल, घरचे घाबरतील, आणि दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन जवळच्या नर्सिंग होममध्ये जातील. तुमच्या संशोधनातून एक गरज नसलेलं ऑपरेशन जन्माला येईल. म्हणून रिपोर्ट एकटा पाठवायचा नाही. रिपोर्टबरोबर पुढच्या तपासणीची तारीख, जागा आणि न्यायला येणाऱ्या बाईचं नाव हवं. बहुतेकींना तिथे ॲसेटिक ॲसिड लावून बघणं किंवा कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून तपासणं, एवढंच लागतं. काहींना थर्मल ॲब्लेशन, म्हणजे बिघडलेला भाग उष्णतेने जाळणं. काही मिनिटांचं काम, भूल लागत नाही, पिशवी जागच्या जागी राहते. हे सगळं करणारी माणसं आणि यंत्र अभ्यासाच्या पहिल्या दिवशी तयार नसतील तर अभ्यास सुरू करू नका, कुणी कितीही घाई केली तरी.

‘पॉझिटिव्ह’ हा शब्दच टाळा, असं मला आमच्या सल्लागार गटातल्या एका बचत गटाच्या ताईंनी सांगितलं. या भागात तो शब्द आधी एचआयव्हीमुळे माहीत झाला, नंतर करोनामुळे. करोनात पॉझिटिव्ह म्हणजे दारात ॲम्ब्युलन्स आणि शेजाऱ्यांच्या बंद खिडक्या. आम्ही ‘रिपोर्टमध्ये विषाणू दिसला आहे, कॅन्सर नाही’ असं लिहायला लागलो. करोनाचा एक फायदाही झाला: ‘स्वॅब’ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

त्याहून अवघड प्रश्न म्हणजे, ‘हा विषाणू नवऱ्याकडून येतो का?’ इथे बहुतेक तरुण डॉक्टर गोल गोल बोलतात. तसं करू नका, ती बाई फोनवर शोधून काढेल किंवा तिची मुलगी काढेल. खरं सांगा: शरीरसंबंधातून येतो. संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी येतो, बहुतेकांच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप जातो, आणि तो कधी आला हे कुठल्याच तपासणीत कळत नाही. लग्नाआधीचा असू शकतो, वीस वर्षांपूर्वीचा असू शकतो. यावरून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेता येत नाही. हे चार वाक्यांत सांगायचा सराव आशाताईंकडून करून घ्या, एकमेकींवर, हसत-खिदळत. तो दिवस प्रशिक्षणातला सगळ्यात कामाचा दिवस असतो.

स्वतः नमुना घेण्याची पद्धत चांगली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या मार्गदर्शनात तिला मान्यता दिली. टेबलावर पाय फाकवून झोपायचं नाही म्हटल्यावर अर्ध्या बायकांचा नकार तिथेच गळून पडतो. पण भागीदारांच्या प्रस्तावात ‘महिला आपल्या घरी खाजगीत नमुना घेईल’ असं सहज लिहिलेलं असतं. दोन खोल्यांच्या घरात, बाहेर सासू बसलेली असताना, खाजगी कुठे? आमच्या एका गावात सगळ्या बायका आशाताईंच्या न्हाणीत जाऊन नमुना द्यायच्या. तिच्या न्हाणीच्या दाराला कडी नव्हती. आम्ही कडी आणि बिजागऱ्या बसवल्या. त्या १४० रुपयांच्या हार्डवेअरच्या बिलावर आमच्या लेखा विभागाने तीन शेरे मारले, आणि मी त्याचं उत्तर ‘संशोधनासाठी गोपनीयतेची व्यवस्था’ असं दिलं. माझ्या मते त्या अभ्यासातला सगळ्यात योग्य खर्च तोच.

आता तुमच्या दोन तालुक्यांबद्दल. जतच्या पूर्व भागात, संख-उमदीकडे, घरातली भाषा कन्नड आहे. मराठी संमतीपत्र वाचून दाखवून अंगठा घेतलात तर ती संमती नव्हे. कन्नड संमतीपत्र, कन्नड बोलणारी संशोधन साहाय्यक, दोन्हींचे पैसे आत्ताच मागा. मागाहून मागितले की ‘भाषांतर तर झालं होतं ना’ असं उत्तर येतं. कवठेमहांकाळकडे द्राक्ष आणि बेदाणा. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की बायका पहाटे बाहेर पडतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत बेदाण्याच्या शेडवर निवडीचं काम. सकाळी अकराला शाळेत शिबिर ठेवलंत तर म्हाताऱ्या आज्ज्या आणि पुढारी येतील. आम्ही शेडवरच गेलो, जेवणाच्या सुट्टीत, मालकाशी आधी बोलून. मालकाने तपासणीसाठी दबाव आणायचा नाही, आणि कोण तपासून घेते हे त्याला कळू द्यायचं नाही, हेही त्याच वेळी ठरवून घेतलं. जतमधून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. सप्टेंबरात नमुना घेऊन डिसेंबरात पुढच्या तपासणीला बोलवाल तर दाराला कुलूप असेल. हे वेळापत्रक भागीदाराच्या आर्थिक वर्षात बसत नाही. बसवायचं काम त्यांचं आहे, टोळीचं नाही.

सरपंचांना जरूर भेटा, पण सरपंचांची परवानगी म्हणजे गावाच्या दारात शिरण्याची परवानगी, एवढंच. आणि सरपंच बाई असतील तर त्यांच्याशीच बोला, त्यांच्या यजमानांशी नाही. सल्लागार गट नेमायचा असेल तर सरपंच, मुख्याध्यापक आणि डॉक्टर अशी फोटोपुरती समिती करू नका. आमच्या गटात बचत गटाच्या दोघी, एक आशा, कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या एक काकू आणि एसटीतले एक निवृत्त कंडक्टर होते. कंडक्टरकाकांमुळे पुरुष कसा विचार करतात ते कळायचं. त्यांच्या हातात खरा अधिकार द्या: पत्रक त्यांनी नापास केलं तर छापायचं नाही. आशांच्या कामाचे पैसे वेळेवर द्या. त्यांचं मानधन आधीच कामागणिक आणि उशिरा येतं, त्यात तुमचं ओझं फुकट नको. त्यांचा संप झाला तर तुमचं काम थांबेल. थांबू द्या.

उपचाराचा खर्च हा प्रश्न महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेने बराचसा सुटतो, कर्करोगाचे उपचार तिच्यात बसतात. पण योजनेत जत ते मिरजेचं भाडं नाही, बुडालेली मजुरी नाही, सोबत आलेल्या बाईचं जेवण नाही. बायका गळतात त्या इथेच. हे तीन आकडे अंदाजपत्रकात घाला.

आता परदेशी भागीदारी. मिरजेला ती नवी नाही. आपलं मिशन हॉस्पिटल १८९४ चं, डॉ. वॉन्लेस कॅनडातून आलेले, पैसा अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चचा. त्यांच्या धर्मप्रसाराबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण त्या हॉस्पिटलबरोबर वैद्यकीय शाळाही निघाली आणि इथली मुलं शिकून इथेच डॉक्टर झाली. मिरज आज दवाखान्यांचं गाव आहे, त्याची मुळं तिथे आहेत. भागीदार गेल्यावर इथे काय उरतं, या प्रश्नाने मी प्रत्येक मसुदा वाचते.

कर्करोगात आपल्या जवळचं उदाहरण बार्शीचं. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली, पाठीशी मुंबईचं टाटा मेमोरियल, आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि फ्रान्समधल्या लियाँ इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था. शहरातली नोंदणी हॉस्पिटलच्या कागदांवरून चालते. खेड्यातला रोगी कागदापर्यंत पोचतच नाही, म्हणून बार्शीचे कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, रोगी शोधून त्यांना तपासणीला आणलं. ‘लोकसहभाग’ हा शब्द प्रस्तावांत यायच्या कितीतरी आधी.

त्याच पायावर पुढे उस्मानाबाद जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या धाराशिवमधला, मोठा अभ्यास उभा राहिला. ५२ ग्रामसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, चार गटांत विभागलेल्या. २००९ मध्ये निष्कर्ष आला: एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी न केलेल्या गटात ६४, आणि या दोन्ही गटांतल्या बायकांची संख्या जवळपास सारखी. जगभरात एचपीव्ही तपासणीकडे वळण्यामागे आपल्या मराठवाड्यातल्या या बायका आहेत. पण त्या ६४ जणींकडेही बघा. त्या गटातल्या ३१ हजारांवर बायकांना माहिती दिली गेली, तपासणी दिली गेली नाही. यावर पुढे बरंच वादंग झालं. ‘तेव्हा देशात नेहमीची व्यवस्था म्हणजे काहीच नव्हतं’ असा बचाव झाला. मला तो बचाव पूर्ण पटलेला नाही, पण निष्कर्षाचं मोलही नाकारता येत नाही. तुमच्यासाठी मुद्दा सरळ आहे: आता उत्तर माहीत आहे, त्यामुळे तपासणीविना ठेवलेला गट तुमच्या आराखड्यात असेल तर तो काढायला लावा. तुलना करायची तर दोन प्रकारच्या निरोपांची करा, दोन प्रकारच्या पाठपुराव्याची करा. देशात तिशी ते पन्नाशीतल्या शंभर बायकांमागे दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नाही, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. शोधायचं आहे ते हे, की माहीत असलेली गोष्ट पोचत का नाही.

दुसऱ्याच्या चुकीचा फटका आपल्याला कसा बसतो तेही माहीत असू द्या. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात एका परदेशी संस्थेचा एचपीव्ही लसीचा प्रकल्प चालू होता. काही मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे नव्हते, पण चौकशीत वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी पालकांऐवजी संमतीपत्रांवर सह्या केल्याचं निघालं. एप्रिल २०१० मध्ये सरकारने देशभर लसीचे अभ्यास थांबवले. त्यात लियाँच्या संस्थेचा अगदी वेगळा अभ्यासही सापडला, ज्यात बार्शी आणि पुणे ही केंद्रं होती. दोन मात्रा की तीन, हे तपासायला निघालेल्या त्या अभ्यासात हजारो मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. कार्यकर्त्यांनी त्या मुलींना दहा वर्षं सोडलं नाही. त्यांची लग्नं झाली, सासरं बदललं, तरी पाठपुरावा चालू राहिला. त्यातून एक मात्राही जवळपास तेवढंच संरक्षण देते असं दिसलं, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेला मान्यता दिली, त्यामागच्या पुराव्यात हा होता. कागदावरचा आराखडा मोडला, पण घराघरातली ओळख टिकली म्हणून अभ्यास टिकला.

परवानग्यांचं थोडक्यात. तुमच्या एथिक्स कमिटीची मान्यता, परदेशी भागीदारी आहे म्हणून आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता, आणि नमुने बाहेर जाणार असतील तर त्यांचा स्वतंत्र करार. याला महिने लागतात. सहा आठवडे फक्त अर्जासाठी आहेत, हे डीनना आधीच सांगून ठेवा. पैसे एफसीआरएखाली, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, येणार असतील तर २०२० च्या दुरुस्तीनंतर तुमची संस्था ते दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे ‘गावातलं काम अमुक संस्थेला देऊ’ हा सोपा मार्ग बंद. कार्यकर्त्या तुमच्याच पगारपत्रकावर घ्याव्या लागतील. हे लेखा विभागाला मसुद्याच्या टप्प्यावरच दाखवा.

नमुने बाहेर पाठवूच नका, हा माझा आग्रह. एचपीव्हीची तपासणी मिरजेत होऊ शकते. यंत्र इथे बसवा, तंत्रज्ञ इथला शिकवा, गुणवत्तेच्या फेरतपासणीसाठी काही टक्के नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊ द्या. उरलेले नमुने ‘भविष्यातील संशोधनासाठी’ वापरू देणारं एक कलम बहुतेक वेळा अठराव्या-एकोणिसाव्या पानावर असतं. ते बाईला कन्नडमध्ये समजावून सांगता येतं का, हे करून पाहा. येत नसेल तर कलम काढा. शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं, हे आत्ता विचारायला संकोच वाटेल. विचारा. आमच्या त्या जुन्या अभ्यासात दहा हजार दारं ठोठावणाऱ्या पर्यवेक्षिकेचं नाव आभारातही आलं नाही. एवढं सगळं मागितल्यावर चांगला भागीदार चिडत नाही. जो चिडला तो बेदाण्याच्या हंगामात आणखी चिडला असता.

पुढच्या मंगळवारी मी जतला आहे, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे दुपारी काम आटोपेल. तुम्ही या. कराराची आणि अंदाजपत्रकाची मराठी प्रत काढून आणा, इंग्रजी नको. संध्याकाळी उमदीकडच्या चार आशाताईंसमोर ती वाचायची आहे, आणि त्यातल्या एक जणी सोबत कन्नड करून सांगतील. वाचून व्हायला दोन तास लागतील, प्रश्नांना तीन. जेवण त्यांच्याकडेच आहे.